इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक घरी बनवता येतो का?

काही वर्षांपूर्वी एका शाळेचे नववीचे विद्यार्थी आमची प्रयोगशाळा पाहायला आले होते. अशा भेटीत मुलांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मुंगीचे डोके दाखवायचे, असा आमचा परिपाठ आहे. पडद्यावर ते डोके, त्यावरचे केस, डोळ्याच्या जाळीतले एकेक भिंग दिसू लागले, की दंगा करणारी मुलेही गप्प होतात. त्या दिवशीही झाली. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे घरी बनवता येतं का?" मुले हसली. आम्हीही हसलो आणि "नाही गं, याला फार पैसे लागतात," असे सांगून पुढच्या खोलीकडे वळलो.

हे उत्तर चुकीचे होते. आमच्या खोलीतल्या यंत्राची किंमत मोठी आहे, हे खरे. पण मुलीने किंमत विचारली नव्हती. असे यंत्र घरी बनवता येते. ते बनवले गेले आहे. इतकेच नव्हे, तर आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राचा एक थेट पूर्वज बर्लिनमधल्या एका खासगी घरात तयार झाला होता. तिला हे सांगायला हवे होते. त्याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती : घरी केलेला प्रयोग विज्ञानाचा भाग केव्हा होतो, आणि केव्हा तो करणाऱ्याबरोबरच संपून जातो. या लेखात त्या राहून गेलेल्या उत्तराचा इतिहास मांडत आहोत.

कापडवाल्याचे गुपित

हौशी सूक्ष्मदर्शनाची कथा डेल्फ्टच्या अंतोनी व्हान लेव्हेनहूकपासून सुरू होते. हॉलंडमधला हा कापडाचा व्यापारी (१६३२–१७२३). विद्यापीठाचे शिक्षण नाही, लॅटिन येत नाही. त्याने आयुष्यात सुमारे पाचशे भिंगे तयार केली. १६७३ पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटीला आपली निरीक्षणे डच भाषेतल्या पत्रांतून कळवू लागला. मिरी भिजवलेल्या पाण्यात आपल्याला अतिसूक्ष्म जीव दिसल्याचे त्याने १६७६ साली कळवले, तेव्हा सोसायटीतील विद्वानांचा विश्वास बसेना. १६७७ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट हूकने स्वतः तसे पाणी तयार करून ते जीव सभासदांना दाखवले, तेव्हा कुठे शंका फिटली.

हे पाठ्यपुस्तकांतही येते. पुढची गोष्ट मात्र सहसा येत नाही. लेव्हेनहूकने काय दिसले ते शेकडो पत्रांतून सांगितले. पण उत्तम भिंगे कशी बनवली, ते कोणालाच सांगितले नाही. पाहुण्यांना तो साधी यंत्रे दाखवी आणि चांगली स्वतःजवळ ठेवी. तो गेला आणि त्याच्याबरोबर ती कृतीही गेली. पुढची शंभर वर्षे जिवाणूंच्या अभ्यासात फारच थोडी भर पडली. त्याला इतरही कारणे होती, पण तसे पाहण्याचे साधन दुसऱ्या कोणाच्या हाती नव्हते, हेही त्यांपैकी एक होते.

या गुपिताचा उलगडा अगदी अलीकडे झाला. उट्रेख्टच्या संग्रहालयातील त्याचा एक सूक्ष्मदर्शक सुमारे २७० पट विवर्धन देतो. त्याचे भिंग धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये बंद असल्याने यंत्र न मोडता ते तपासणे शक्य नव्हते. २०२१ साली न्यूट्रॉनच्या साह्याने ते आरपार पाहण्यात आले. आत निघाला काच वितळवून केलेला एक लहानसा गोळा! आणि अशा गोळ्याची कृती रॉबर्ट हूकने १६६५ सालीच आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत छापली होती : काचेची बारीक तार ओढा, तिचे टोक ज्योतीत धरा, वितळून मणी तयार होईल. म्हणजे ज्या गोष्टीला गुपित समजून जग इतकी वर्षे हळहळत होते, तिची कृती छापील पुस्तकात होती. लेव्हेनहूकचे कौशल्य यामुळे कमी होत नाही. पण त्याने दोन ओळी लिहिल्या असत्या, तर किती जणांचा वेळ वाचला असता, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

विजेच्या तारांपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

काचेच्या भिंगांना एक मर्यादा आहे. १८७३ साली एर्न्स्ट आबे यांनी दाखवून दिले, की प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू प्रकाशाने वेगळे दिसू शकत नाहीत. ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पाच हजारावा भाग एवढी येते. भिंग कितीही चांगले घासले तरी त्यापलीकडे जाता येत नाही.

हे कुंपण ओलांडले ते मात्र दुसऱ्याच कामावर असलेल्या माणसांनी. बर्लिनच्या तंत्रविद्यालयात माक्स क्नोल आणि त्यांचा विद्यार्थी एर्न्स्ट रुस्का विजेच्या वाहक तारांवर क्षणभर उसळणाऱ्या दाबाची नोंद घेणारा कॅथोड किरणांचा दोलनदर्शक सुधारत होते. त्यासाठी इलेक्ट्रॉनांचा झोत बारीक बिंदूवर आणायला हवा होता. तारेचे वेटोळे इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत भिंगासारखे वागते, हे हान्स बुश यांनी १९२६ साली गणिताने दाखवले होते. एका वेटोळ्याने प्रतिमा मिळते. मग दोन वेटोळी एकामागे एक ठेवली तर? ७ एप्रिल १९३१ रोजी त्यांनी हे करून पाहिले. रुस्का तेव्हा चोवीस वर्षांचा होता. इलेक्ट्रॉन तरंगासारखेही वागतात, हा द ब्रॉय यांचा १९२४ चा सिद्धान्त या दोघा अभियंत्यांच्या कानावर तोवर आलेलाच नव्हता!

त्या दिवशी मिळालेले विवर्धन वीसपटीहूनही कमी होते. शाळेच्या कपाटातला साधा सूक्ष्मदर्शक त्याहून कितीतरी सरस. शिवाय टीकाकारांचा आक्षेप होता, की इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यापुढे कोणताही सजीव पदार्थ जळून कोळसा होईल. तो आक्षेप खोटाही नव्हता. सुरुवातीच्या नमुन्यांतले कापसाचे धागे खरोखरच करपले. तरीही १९३३ च्या अखेरीस रुस्काच्या यंत्राने प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला मागे टाकले. दुसरीकडे ब्रसेल्समध्ये लाडिस्लाउस मार्टन यांनी स्वतः बांधलेल्या यंत्राने १९३४ साली एका वनस्पतीची प्रतिमा प्रसिद्ध केली. तिच्या पानाचा छेद त्यांनी जळू नये म्हणून ऑस्मियमने भारला होता. ही वनस्पती म्हणजे कीटकभक्षी ड्रॉसेरा. तिच्या कुळातले 'दवबिंदू' आपल्या कास पठारावर पावसाळ्यात पाहायला मिळते. १९३८ साली टोरांटो विद्यापीठात जेम्स हिलिअर आणि आल्बर्ट प्रीबस या दोन विद्यार्थ्यांनी सात हजार पटींचे यंत्र उभे केले. १९३९ साली सीमेन्स कंपनीने तयार यंत्र बाजारात आणले. रुस्काला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ साली, म्हणजे त्या वीसपटीच्या आतल्या प्रतिमेनंतर पंचावन्न वर्षांनी.

भारतातही हे यंत्र आधी विकत घेतले गेले नाही, बांधले गेले. मेघनाद साहा यांच्या प्रेरणेने नीरजनाथ दासगुप्त अमेरिकेत जाऊन मार्टन यांच्याकडे शिकले आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी कोलकात्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. पुढे काळा आजाराच्या परजीवीची रचना त्यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अभ्यासली.

दूरदर्शन संचाचा भाऊबंद

रुस्काच्या यंत्रात इलेक्ट्रॉन नमुन्यातून आरपार जातात. मुलांना मुंगी दाखवणारे आमचे यंत्र दुसऱ्या जातीचे, क्रमवीक्षण करणारे. त्याची रीत शेतकऱ्याच्या नांगरटीसारखी असते. इलेक्ट्रॉनांचा एक बारीक झोत नमुन्याच्या पृष्ठभागावरून तासामागून तास ओढावा तसा ओळीओळीने फिरतो. झोत जिथे पडतो तिथून दुय्यम इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, ते मोजायचे. त्याच वेळी पडद्यावरचा एक बिंदू तशाच ओळींनी फिरत असतो. इलेक्ट्रॉन जास्त आले की बिंदू उजळ, कमी आले की अंधूक. अशी प्रतिमा 'विणली' जाते.

येथे विवर्धनाचे गणित मुलांना तोंडी करता येईल इतके सोपे आहे. पडदा २० सेंटिमीटर रुंद आणि झोत नमुन्यावर २ मिलिमीटर फिरला, तर विवर्धन शंभरपट. तो ०.२ मिलिमीटरच फिरवला, तर हजारपट. भिंग बदलावे लागत नाही. अर्थात झोताचा बिंदूच जाड असेल, तर याचा उपयोग नाही. रुंद कुंचल्याने बारीक अक्षर काढता येत नाही, तसेच हे.

वाचकांच्या लक्षात आले असेल, की हे वर्णन जुन्या दूरदर्शन संचालाही लागू पडते. काचेच्या फुगीर नळीचे ते संच आता भंगारात गेले. त्या नळीत इलेक्ट्रॉन सोडणारी तार होती, झोत फिरवणारी वेटोळी होती आणि निर्वातही होते. म्हणजे अर्धा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक घरोघरी टेबलावर बसून बातम्या दाखवत होता!

हे साम्य योगायोगाचे नाही. माक्स क्नोल यांनी १९३५ साली दूरदर्शनाच्या कामातूनच झोत फिरवून पृष्ठभागाच्या प्रतिमा मिळवल्या होत्या. तो झोत अतिसूक्ष्म करून खरा सूक्ष्मदर्शक केला मानफ्रेड फोन आर्डेने यांनी. हे गृहस्थ मोठे विलक्षण. जन्म १९०७. शाळा अर्धवट सोडली, किशोरवयातच रेडिओच्या नळीचे पेटंट मिळवले आणि विद्यापीठातूनही पदवी न घेताच बाहेर पडले. १९२८ साली त्यांनी बर्लिनच्या लिख्टरफेल्ड भागातील घरात स्वतःची प्रयोगशाळा थाटली. १९३१ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात लोकांनी त्यांचे इलेक्ट्रॉनिक दूरदर्शन पाहिले.

१९३७ च्या सुमारास ते क्रमवीक्षणाकडे वळले. घर खासगी असले, तरी या कामाला सीमेन्सचे पाठबळ होते, हे सांगायला हवे. त्यांची गाजलेली प्रतिमा झिंक ऑक्साइडच्या स्फटिकांची आहे : दाब २३ हजार व्होल्ट, विवर्धन आठ हजारपट, ४०० ओळी. झोत इतका क्षीण होता, की एका प्रतिमेला वीस मिनिटे लागत. फिल्म एका दंडगोलावर गुंडाळून झोताच्या तालाने फिरवावी लागे. चालू असताना काय दिसते आहे ते पाहण्याची सोयच नव्हती. फिल्म धुतल्यावरच समजायचे. १९४४ साली हवाई हल्ल्यात ते यंत्र नष्ट झाले आणि आर्डेने पुन्हा त्या विषयाकडे वळले नाहीत.

म्हणजे येथेही गोष्ट माणसाबरोबर संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण आर्डेने यांनी १९३८ साली यंत्राची सारी मीमांसा छापून ठेवली होती : झोत किती बारीक करता येईल, नमुना जाड असेल तर काय करावे, इलेक्ट्रॉन कसे मोजावेत. अमेरिकेत १९४२ साली झ्वोरिकिन, हिलिअर आणि स्नायडर यांनी पृष्ठभाग दाखवणारे यंत्र केले. प्रतिमा फार गढूळ आली आणि काम थांबले. त्यांनीही हे अपयश छापले. १९४८ साली केंब्रिजचे चार्ल्स ओटली यांनी हाच विषय डेनिस मॅकम्युलन या विद्यार्थ्याला दिला, तेव्हा या मार्गाने जाणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे जाणकारांचे मत होते. पण मागच्यांचे गणित आणि मागच्यांच्या चुका दोन्ही कागदावर होत्या. मॅकम्युलनने एका सहकाऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या यंत्रावरच बांधणी केली आणि १९५१ पर्यंत प्रतिमा मिळवल्या. त्यामागून विद्यार्थ्यांची रांग लागली. १९६५ साली पहिला व्यापारी क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शक विक्रीस आला.

घरच्या कार्यशाळेत

२०११ साली बेन क्रॅस्नो या अमेरिकन अभियंत्याने आपल्या घरच्या कार्यशाळेत क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बांधला. प्रतिमा दोलनदर्शकाच्या पडद्यावर उमटली. आमच्या यंत्राशेजारी ती ठेवली, तर फारच साधी वाटेल. त्या यंत्राने निसर्गातले कोणतेही नवे रहस्य उलगडले नाही. त्याचा तसा दावाही नव्हता. मग त्याला महत्त्व का द्यायचे?

एक कारण असे, की १९३१ ची रुस्काची प्रतिमाही दिसायला साधीच होती. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे त्याने यंत्राचा प्रत्येक भाग उघडून जगाला समजावून सांगितला. लेव्हेनहूकने जे झाकले, ते या हौशी माणसाने खुले केले. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांमुळे आकाशनिरीक्षणाचा छंद आपल्याकडे कित्येक दशके रुजलेला आहे. आरसा घासून दुर्बीण करणारे हौशी लोकही आहेत. त्यांच्याकडे पाहिले तर हेच दिसते : ज्याने आरसा घासला, तो दुसऱ्याला घासायला शिकवतो.

एक सावधगिरीची सूचना येथे द्यायलाच हवी. या यंत्रात हजारो व्होल्टचा दाब असतो, तो जीव घेऊ शकतो. वेगवान इलेक्ट्रॉन धातूवर आदळले की क्ष-किरण निघतात. निर्वात केलेले काचेचे भांडे आतल्या बाजूला फुटू शकते. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हा शाळेचा प्रकल्प नव्हे. अनुभवी अभियंत्याने पूर्ण खबरदारी घेऊन करायचे ते काम आहे.

एक केस आणि तीन आठवडे

दुसऱ्याला दोष देण्यापूर्वी आम्ही आमचीही एक चूक कबूल करतो. इलेक्ट्रॉनांचा झोत हवेत थोडे अंतर जाताच धक्के खाऊन विखुरतो; म्हणून यंत्रातला दाब वातावरणाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी ठेवावा लागतो. पीएच.डी.च्या काळात आम्ही ज्या यंत्रावर काम करत होतो, त्यातला दाब एकदा उतरेचना. पंप दिवसरात्र चालू, काटा हलत नाही. एकेक सांधा उघडून, पुसून, परत लावण्यात तीन आठवडे गेले. शेवटी नमुना ठेवण्याच्या दाराच्या रबरी कड्यावर एक केस सापडला. बहुधा आमचाच! तो काढला आणि तासाभरात दाब उतरला.

त्या आनंदात आम्ही यंत्राच्या वहीत लिहिले, "गळती दुरुस्त केली." एवढेच. कुठे, कशी सापडली, काही नाही. दोन वर्षांनी आमच्या मागच्या विद्यार्थ्यावर तोच प्रसंग आला. त्याने वही उघडली. त्या तीन शब्दांचा त्याला काडीचाही उपयोग झाला नाही. त्याचेही तीन आठवडे गेले. लेव्हेनहूकने निदान हेतुपूर्वक लपवले. आम्ही नुसत्या आळसाने तेच केले.

वही हेच उपकरण

त्या मुलीच्या वर्गशिक्षिकेला आम्ही नंतर पत्र लिहिले : तिला सांगा, येतो बनवता, पण सुरुवात हूकच्या कृतीपासून करा. मऊ काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवून ओढायची, तार वितळवून मणी करायचा आणि पत्र्याच्या बारीक भोकात बसवायचा. डोळ्यांवर चष्मा, हाताशी पाणी आणि शेजारी शिक्षक हवेत. दोन मिलिमीटर व्यासाचा चांगला मणी दीडशेपटीहून अधिक विवर्धन देतो. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी त्यातून सहज दिसतात.

पत्रात एक अट घातली होती. मुलांनी सारी कृती वहीत लिहायची आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाने केवळ ती वही वाचून तेच यंत्र करायचे. बाईंनी तसे केले. दुसऱ्या वर्षीच्या मुलांना मणी जमेना. ज्योत तीच, हात तसेच, काच वितळेना. चार दिवसांनी कारण सापडले. पहिल्या मुलांनी वहीत फक्त "काच" असे लिहिले होते. दुसऱ्या मुलांनी प्रयोगशाळेतली उष्णतारोधक बोरोसिलिकेट काच घेतली होती, आणि ती स्पिरिटच्या ज्योतीला दाद देत नव्हती. मूळ प्रश्न विचारणारी मुलगी तेव्हा दहावीत होती. ती स्वतः खाली वर्गात गेली आणि तिने वहीत "मऊ काच" असे दुरुस्त केले. तिच्याखाली तारीख घातली.

बाईंनी हे कळवले, तेव्हा आम्ही यंत्राची जुनी वही शोधून काढली आणि त्या तीन शब्दांपुढे केसाची हकीकत लिहिली. पंधरा वर्षे उशिरा का होईना, पण लिहिली. शिक्षकहो, विज्ञान प्रदर्शनात मांडलेल्या प्रकल्पांना आपण गुण देतो ते चालणाऱ्या यंत्राला. त्यातले थोडे गुण वहीलाही द्यावेत, आणि ते कोणी द्यायचे हे ठरवताना पुढच्या वर्षीच्या वर्गाला विचारावे.